चिनी भाषेतील स्थानवाचक वाक्ये आणि त्यांचा नकार

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘पुस्तक टेबलावर नाही’, ‘टेबलावर पुस्तक नाही’ आणि ‘टेबलावर आहे ते पुस्तक नव्हे’ या तीन वाक्यांसाठी आधुनिक चिनी भाषेत तीन वेगळी क्रियापदे का लागतात, आणि ‘बू’ व ‘मेय’ या दोन नकारांपैकी कोणता कुठे घ्यावा? वर्तमान-भविष्यासाठी ‘बू’ आणि भूतकाळासाठी ‘मेय’ असा नियम वर्गात शिकवला जातो, पण स्थानवाचक वाक्यांत तो वारंवार फसतो, अशी प्रश्नकर्त्याची तक्रार आहे. ही तक्रार रास्त आहे. तो नियम क्रियावाचक वाक्यांपुरता ढोबळमानाने चालतो. स्थानवाचक वाक्यात नकाराची निवड काळावर फारशी अवलंबून नसते. वाक्यातली कोणती गोष्ट बोलणाऱ्याने आधीच गृहीत धरली आहे आणि कोणती नाकारली आहे, यावर ती ठरते. मराठी विद्यार्थ्यांना चिनी शिकवताना हा मुद्दा मी पहिल्या काही आठवड्यांतच मांडतो, कारण तो एकदा बसला की पुढचे निम्मे व्याकरण आपोआप जागेवर येते.

आधी लेखनाविषयी दोन शब्द. चिनी उदाहरणे इथे देवनागरीत दिली आहेत आणि स्वराघात दाखवलेले नाहीत. ‘असणे’ या अर्थाचे स्थानवाचक क्रियापद मी ‘त्साय’ असे लिहितो. त्याचा पहिला ध्वनी ‘चमचा’ आणि ‘चारा’ या शब्दांतल्या दंत्य ‘च’सारखा आहे, त्यामुळे हिंदी भाषकांना जड जाणारा हा उच्चार मराठी माणसाच्या तोंडात आधीपासूनच असतो. ‘ज’ आणि ‘ल’ ही अक्षरे सुटी आली, तर ती क्रियापदामागे लागणारी अव्यये आहेत, आणि ती पूर्ण ‘अ’सह उच्चारावीत.

होकारार्थी वाक्यांपासून सुरुवात करू. ‘षू त्साय जुओत्सि षांग’ म्हणजे ‘पुस्तक टेबलावर आहे’. ‘जुओत्सि षांग योऊ यी बन षू’ म्हणजे ‘टेबलावर एक पुस्तक आहे’. ‘जुओत्सि षांग षि यी बन षू’ म्हणजे ‘टेबलावर जे आहे ते पुस्तक आहे’. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘आहे’ हे एकच क्रियापद येते आणि शब्दक्रम बदलून आपण अर्थातला फरक भागवतो. चिनी भाषेत शब्दक्रम बदलतोच, शिवाय क्रियापदही बदलते.

‘त्साय’च्या वाक्यात वस्तू आधी येते आणि ती ओळखीची असते. ऐकणाऱ्याला कोणते पुस्तक ते माहीत आहे, फक्त ते कुठे आहे एवढेच सांगायचे आहे. म्हणून चिनी भाषेत ‘ते’ किंवा ‘हे’ लावले नाही तरी या वाक्यातले ‘षू’ निश्चितच समजले जाते. ‘योऊ’च्या वाक्यात जागा आधी येते, ती ओळखीची असते, आणि तिथे काय आहे ही नवी माहिती असते. म्हणून तिथल्या वस्तूला बहुधा संख्या आणि मोजणीचा शब्द लागतो, जसे ‘यी बन षू’ (‘यी’ म्हणजे एक, ‘बन’ हा पुस्तकांसाठीचा मोजणीचा शब्द). ‘षि’च्या वाक्यात जागाही माहीत असते आणि तिथे काहीतरी आहे हेही माहीत असते, फक्त ते काय आहे हे सांगायचे असते. शाळेच्या शेजारी एक इमारत दिसते आहे आणि ती कसली आहे हे विचारले, तर उत्तर ‘शुएश्याओ फांगब्येन षि यिनहांग’ असे येते, म्हणजे ‘शाळेशेजारी आहे ती बँक’. तिथे ‘योऊ’ वापरले, तर शेजारी इतरही काही असू शकते आणि त्यांत एक बँक आहे, असा मोकळा अर्थ निघतो. ‘षि’ ती जागा त्या एका वस्तूने भरून टाकते. जमिनीवर सगळीकडे पाणी साचले असेल, तर ‘मान दी दोऊ षि ष्वेय’ असे ‘षि’नेच म्हणतात, ते याच कारणाने.

आता नकार. ‘त्साय’चा नकार ‘बू त्साय’, ‘योऊ’चा ‘मेय योऊ’ आणि ‘षि’चा ‘बू षि’. ही पाठांतराची यादी झाली. तिच्यामागचे कारण असे की प्रत्येक नकार वेगळी गोष्ट खोडतो. ‘षू बू त्साय जुओत्सि षांग’ या वाक्यात पुस्तक शाबूत राहते. ते कुठेतरी आहे, फक्त इथे नाही. ऐकणारा लगेच ‘मग कुठे आहे?’ असे विचारू शकतो. ‘जुओत्सि षांग मेय योऊ षू’ या वाक्यात टेबल शाबूत राहते आणि त्यावर पुस्तक या जातीची कोणतीही वस्तू असल्याचे नाकारले जाते. इथे ‘मग कुठे आहे?’ हा प्रश्न जुळत नाही, कारण कोणत्याही एका पुस्तकाचा विषयच निघालेला नाही. ‘जुओत्सि षांग बू षि षू’ या वाक्यात टेबलही राहते आणि त्यावरची वस्तूही राहते, फक्त तिची ओळख खोडली जाते. म्हणून या वाक्यानंतर जवळपास नेहमी ‘षि’चे दुसरे वाक्य येते: पुस्तक नव्हे, वही आहे. जुन्या वळणाच्या मराठीत ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांत जो भेद काटेकोरपणे पाळला जाई, तो इथे उपयोगी पडतो. ज्या वाक्यात तुम्ही ‘नव्हे’ म्हणाल, तिथे ‘बू षि’ घ्या. ‘नाही’ म्हणाल, तिथे अजून ‘त्साय’ की ‘योऊ’ हे ठरवायचे बाकी आहे, आणि ते वस्तू ओळखीची आहे की नाही यावर ठरवा.

‘मेय योऊ’च्या वाक्यात संख्येचे काय होते, याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. होकारार्थी वाक्यात ‘यी बन षू’ होते, नकारार्थी वाक्यात नुसते ‘षू’ उरले. ‘जुओत्सि षांग मेय योऊ यी बन षू’ असे आमचे विद्यार्थी सर्रास लिहितात, कारण होकारी वाक्यात ‘मेय’ घातले की नकारी वाक्य झाले, असे त्यांना वाटते. चिनी कानाला ते अडखळते. जी वस्तू तिथे नाहीच, ती मोजणार कशी? एकसुद्धा नाही असे ठासून सांगायचे असेल, तर मोजलेली वस्तू पुढे आणून ‘यी बन षू ये मेय योऊ’ असे म्हणतात. तीन आकडा ठेवून ‘मेय योऊ सान बन षू’ म्हटले, तर ‘तीन पुस्तके भरत नाहीत, कमी आहेत’ असा अर्थ निघतो. म्हणजे नकारानंतर आकडा राहिला, की तो आकडाच वादाचा विषय होतो.

चीनमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेली एक म्हण यावरच उभी आहे: ‘त्स दी वू यिन सान बाय ल्यांग’, म्हणजे ‘या जागी तीनशे ताएल चांदी नाही’ (ताएल हे वजनाचे जुने चिनी माप). एका माणसाने आपली तीनशे ताएल चांदी जमिनीत पुरली आणि ती सुरक्षित राहावी म्हणून तिथेच ही पाटी लावली, अशी गोष्ट आहे. शेजाऱ्याने पाटी वाचली, चांदी उकरून नेली आणि स्वतःवर संशय येऊ नये म्हणून ‘शेजारच्या वांग अरने चोरी केलेली नाही’ अशी दुसरी पाटी लावली. म्हणीतला ‘वू’ हा अस्तित्व नाकारणारा अभिजात चिनीतला शब्द. आजच्या बोलीत त्याची जागा ‘मेय योऊ’ने घेतली आहे, तरी सूचनाफलकांवर आणि लेखी भाषेत तो अजून टिकून आहे. पहिल्या पाटीने आपल्या मालकाला का बुडवले, याचे व्याकरणातले उत्तर वर आले आहे. नुसती ‘चांदी नाही’ एवढी पाटी असती, तर ती कोणत्याही जागेबद्दल खरी ठरू शकली असती. ‘तीनशे’ हा आकडा नकारासोबत आला आणि ती रक्कम आधीच कुणाच्या तरी मनात आहे हे उघड झाले.

आता एक अपवाद, ज्याबद्दल पाठ्यपुस्तके सहसा गप्प असतात. निश्चित वस्तूला ‘त्साय’ आणि अनिश्चित वस्तूला ‘योऊ’ हा नियम शिकल्यावर विद्यार्थी चिनी माणसांच्या तोंडून ‘मिंगदान षांग मेय योऊ नी द मिंगत्सि’ हे वाक्य ऐकतात, म्हणजे ‘यादीत तुमचे नाव नाही’, आणि गोंधळून जातात. ‘तुमचे नाव’ याहून निश्चित काय असणार? तसेच ‘जाओफ्येन ली मेय योऊ था’, म्हणजे ‘फोटोत तो नाही’. ही वाक्ये पूर्ण शुद्ध आणि स्वाभाविक आहेत. यादी, फोटो, दुकानातला माल, नाटकाची पात्रयोजना अशा ठिकाणी बोलणारा वस्तूचा ठावठिकाणा शोधत नसतो, तो त्या जागेतला ऐवज तपासत असतो. नाव दुसरीकडे कुठे आहे हा प्रश्नच तिथे नसतो. पुस्तकाच्या दुकानात ‘आमच्याकडे ते पुस्तक नाही’ हे ‘वोमन जर मेय योऊ ना बन षू’ असे सांगतात तेही याचमुळे. तिथे ‘ते पुस्तक’ म्हणजे त्या नावाची प्रत, हातात धरलेली एक विशिष्ट वस्तू नव्हे. तेव्हा निश्चित-अनिश्चित ही फूटपट्टी वापरताना, जागेची झडती चालली आहे की वस्तूचा शोध चालला आहे, हेही पाहावे.

यापुढे ‘बू त्साय’ की ‘मेय त्साय’ हा प्रश्न. ‘तो काल घरी नव्हता’ याचे भाषांतर ‘त्सुओथ्येन था बू त्साय ज्या’ असे करावे की ‘मेय त्साय ज्या’ असे? दोन्ही ऐकू येतात. भूतकाळ म्हणजे ‘मेय’ या सवयीने विद्यार्थी पहिले वाक्य चूक समजतात, आणि तिथेच त्यांची दिशाभूल होते. ‘त्साय’ हे स्थिती सांगणारे क्रियापद आहे. काल थंडी नव्हती हे सांगताना चिनी भाषेत ‘बू’च येतो, तसाच तो इथेही येतो, कारण ‘बू’ स्थिती नाकारतो आणि काळ ‘त्सुओथ्येन’ या शब्दाने आधीच सांगितलेला असतो. ‘मेय त्साय’ म्हटले, की त्या वेळी तिथे उपस्थित असण्याची घटना घडली नाही, असा रंग येतो. कुणी दारावर थाप मारली होती, फोन केला होता, आणि नेमक्या तेव्हा तो नव्हता, अशा संदर्भात ‘मेय’ सहज येतो. भविष्य आणि रिवाज मात्र ‘मेय’च्या कक्षेत येत नाहीत. ‘उद्या मी घरी नसेन’ हे ‘मिंगथ्येन वो बू त्साय ज्या’ असेच म्हणावे लागते, आणि ‘रविवारी तो कधीच ऑफिसात नसतो’ यालाही ‘बू’च लागतो. माझा सल्ला असा की शंका आली तर ‘बू त्साय’ वापरावे. ते तिन्ही काळांत चालते. ‘योऊ’च्या बाबतीत निवडच नाही. आजच्या प्रमाण चिनीत काळ कोणताही असो, त्याचा नकार ‘मेय’नेच होतो, ‘बू योऊ’ असे कुणी म्हणत नाही.

जागा आणि क्रिया एकाच वाक्यात आली, की नकाराचे स्थान कळीचे होते. ‘तो घरी सिगारेट ओढत नाही’ हे मराठी वाक्य चिनीत दोन प्रकारे येते. ‘था बू त्साय ज्या छोऊ येन’ यात ‘बू’ जागेच्या आधी आहे, म्हणून जागाही नकाराच्या आवाक्यात आली. तो सिगारेट ओढतो, पण ओढण्याची जागा घर नव्हे, तो बाहेर जाऊन ओढतो. ‘था त्साय ज्या बू छोऊ येन’ यात ‘घरी’ हा भाग नकाराच्या बाहेर राहिला आणि ती चौकट झाली. या चौकटीत, म्हणजे घरी असताना, तो ओढत नाही, बाहेरचे काही सांगितलेले नाही. हीच गोष्ट ‘मेय’ने केली, तर फरक आणखी ठळक होतो. ‘था मेय त्साय थूषूग्वान खान षू’ म्हणजे तो ग्रंथालयात वाचत नव्हता, कदाचित दुसरीकडे वाचत असेल, कदाचित तो तिथे गेलाच नसेल. ‘था त्साय थूषूग्वान मेय खान षू’ म्हणजे तो ग्रंथालयात होता हे नक्की, पण तिथे त्याने वाचन केले नाही. आई-वडिलांनी विचारपूस करताना यांतले कोणते वाक्य कानावर येते, यावर मुलाची बाजू बरीच ठरते! नकार सामान्यतः जागेच्या आधी असतो, हे लक्षात ठेवावे. जागेनंतरचा नकार मुद्दाम केलेला असतो.

जागा क्रियापदानंतर आली, जसे ‘त्सुओ त्साय दी षांग’ म्हणजे ‘जमिनीवर बसणे’ किंवा ‘जू त्साय बेयजिंग’ म्हणजे ‘बीजिंगला राहणे’, तर नकार क्रियापदाच्या आधी येतो: ‘था मेय त्सुओ त्साय दी षांग’, ‘था बू जू त्साय बेयजिंग’. क्रियापद आणि ‘त्साय’ यांच्यामध्ये ‘बू’ घालता येत नाही. याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

सर्वांत समृद्ध प्रकार राहिला आहे, तो ‘ज’ लावलेल्या क्रियापदाचा. ‘छ्यांग षांग ग्वा ज यी फू ह्वा’ म्हणजे ‘भिंतीवर एक चित्र टांगलेले आहे’. ‘योऊ’ने फक्त अस्तित्व कळते, इथे त्या अस्तित्वाची ढबही कळते, म्हणून कथा-कादंबऱ्यांतल्या वर्णनांत ही रचना ओळीने येते. याच प्रकारातले ‘थाय षांग त्सुओ ज जूशीथ्वान’, म्हणजे ‘मंचावर अध्यक्षमंडळ बसलेले आहे’, हे वाक्य चिनी व्याकरणाच्या इतिहासात गाजले आहे. १९५५-५६ मध्ये चीनमध्ये उद्देश्य आणि कर्म कशाला म्हणावे यावर भाषातज्ज्ञांत मोठा वाद झाला, त्यात हे वाक्य पुन्हा पुन्हा पुढे आले. बसणारे अध्यक्षमंडळ, म्हणून तेच उद्देश्य, असे अर्थाला धरून चालणारे म्हणत. क्रियापदाच्या आधी ‘मंचावर’ आहे, म्हणून तेच उद्देश्य, असे स्थानाला धरून चालणारे म्हणत. पुढे जू दशी या व्याकरणकाराने अशा वाक्यांचे रूपांतर करून पाहण्याची पद्धत रुजवली, आणि ती शिकणाऱ्याच्याही कामाची आहे. ‘थाय षांग त्सुओ ज जूशीथ्वान’ हे ‘जूशीथ्वान त्सुओ त्साय थाय षांग’ असे फिरवता येते. पण वरवर तशाच दिसणाऱ्या ‘थाय षांग छांग ज शी’, म्हणजे ‘मंचावर संगीतनाट्य चालले आहे’, या वाक्याचे तसे होत नाही. ते ‘थाय षांग जंगत्साय छांग शी’ असे, चालू क्रियेच्या वाक्यात फिरते. पहिले वाक्य स्थितीचे आहे, दुसरे चाललेल्या क्रियेचे, आणि दोघांनाही ‘ज’च लागला आहे.

नकारात हा लपलेला भेद आपोआप उघडा पडतो. मंचावर नाटक चाललेले नाही, हे ‘थाय षांग मेय त्साय छांग शी’ असे म्हणता येते, कारण चालू क्रिया दाखवणारा ‘त्साय’ (वरच्या ‘जंगत्साय’मधला, जागा सांगणारा नव्हे) तिथे बसतो. मंचावर कुणी बसलेले नाही, हे मात्र ‘थाय षांग मेय त्सुओ रन’ असे होते, तिथे क्रियापदाआधी ‘त्साय’ घालता येत नाही. एखादे ‘ज’वाले वाक्य कोणत्या जातीचे आहे याबद्दल शंका आली, तर मी विद्यार्थ्यांना त्याचा नकार करून पाहायला सांगतो.

भिंतीवरच्या चित्राचा नकार ‘छ्यांग षांग मेय ग्वा ह्वा’. संख्या गेली, मोजणीचा शब्द गेला, आणि बहुधा ‘ज’ही गेला. ‘ज’ ठेवला तर तो विरोध दाखवण्यासाठी असतो, म्हणजे नकाशा टांगलेला नाही, चित्र टांगलेले आहे, अशा जोडवाक्यात. ‘ज’च्या जागी ‘ल’ असलेल्या ‘ग्वा ल यी फू ह्वा’ या वाक्याचा नकारही हुबेहूब हाच होतो, कारण ‘मेय’ आला की हा ‘ल’ जातोच. म्हणजे होकारात दोन वेगळी वाक्ये आहेत आणि नकारात एकच. प्रत्येक होकारी वाक्याला स्वतःचे नकारी वाक्य असलेच पाहिजे, ही अपेक्षा चिनी भाषेत सोडून द्यावी लागते. ‘सगळीकडे पाणीच पाणी’ या ‘षि’च्या वाक्याचेही तसेच. पाणी नाही हे सांगताना ‘दी षांग मेय योऊ ष्वेय’ असे ‘योऊ’कडे वळावे लागते. वर्णन करणारी वाक्ये असलेल्या गोष्टींसाठी घडलेली असतात. नसलेली गोष्ट कोणत्या ढबीत नाही, हे सांगण्याची वेळ क्वचितच येते, म्हणून दारात कुणी उभे नसेल तर चिनी माणूस बहुतेक वेळा ‘उभे’ हा शब्द गाळून नुसते ‘मन खोऊ मेय रन’ म्हणतो.

येण्या-जाण्याच्या क्रियापदांतही वस्तू आधी की नंतर हा भेद चालू राहतो. ‘खरन मेय लाय’ म्हणजे ज्यांची वाट पाहत होतो ते पाहुणे आले नाहीत. ‘ज्या ली मेय लाय खरन’ म्हणजे घरी कुणी पाहुणेच आले नाहीत. मराठीत ‘पाहुणे आले नाहीत’ दोन्हीकडे चालते, म्हणून आपल्याला हा फरक मुद्दाम कानात बसवावा लागतो.

मराठी भाषकांच्या दोन नेहमीच्या चुका इथेच नोंदवतो. पहिली ‘वर’, ‘आत’ या शब्दांची. ‘टेबल’ ही चिनी भाषेत वस्तू आहे, जागा नव्हे. तिला जागा करण्यासाठी ‘षांग’ किंवा ‘ली’ जोडावेच लागते, नुसते ‘षू त्साय जुओत्सि’ चालत नाही. उलट देशांच्या आणि शहरांच्या नावांना ‘ली’ लावायचे नसते, कारण ती मुळातच जागा आहेत. आपण ‘चीनमध्ये’ म्हणतो म्हणून विद्यार्थी ‘जोंगग्वो ली’ असे लिहितात, ते चूक आहे. माणूसही जागा नव्हे. ‘पुस्तक माझ्याकडे आहे’ याला ‘षू त्साय वो जर’ असे, ‘जर’ म्हणजे ‘इथे’ हा शब्द जोडून म्हणावे लागते. दुसरी चूक उत्तराची. ‘त्साय बू त्साय?’ असे विचारले तर उत्तर ‘त्साय’ किंवा ‘बू त्साय’, ‘योऊ मेय योऊ?’ असे विचारले तर ‘योऊ’ किंवा ‘मेय योऊ’. प्रश्नातले क्रियापदच परत करायचे असते. आपल्या ‘हो’ आणि ‘नाही’सारखा, सगळीकडे चालणारा एक शब्द शोधत बसू नये.

शेवटी एक व्यवहारातली सावधगिरी. ‘बू त्साय’च्या मागे ‘ल’ लागला आणि जागा सांगितली नाही, तर ‘था बू त्साय ल’ या वाक्याचा अर्थ माणसाच्या बाबतीत ‘ते आता हयात नाहीत’ असा घेतला जाऊ शकतो, जसे मराठीत ‘आजोबा आता नाहीत’ म्हटल्यावर घेतला जातो. कंपनी सोडून गेलेल्या सहकाऱ्याबद्दल फोनवर विचारणा झाली, तर ‘था यीजिंग बू त्साय जर ल’ असे, ‘इथे’ हा शब्द घालूनच सांगावे. जो माणूस केवळ या क्षणी जागेवर नाही, त्याच्याबद्दल ‘ल’ न लावता ‘था शियेनत्साय बू त्साय’, म्हणजे ‘ते आत्ता नाहीत’, एवढे पुरते.